निमकर भाऊजींची हरकत

आमच्या वरच्या मजल्यावरचे निमकर भाऊजी इंटरनेटवर भांडायला बसण्यापूर्वी इस्त्रीचा शर्ट घालतात. तोही पूर्ण बाह्यांचा. एरवी घरात बनियन आणि पायजमा. पण भांडण लिहायचं म्हटलं की आधी कपाट उघडतं, शर्ट निघतो, बटणं लागतात, आणि मगच कॉम्प्युटर सुरू होतो. मी एकदा विचारलं, "भाऊजी, तिकडे तुम्हाला बघतंय कोण?" तर म्हणाले, "वहिनी, हरकत बनियनवर नोंदवायची नसते."

भाऊजी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. पन्नाशी उलटलेली, डावीकडे भांग, सकाळी देवपूजा, डब्यात दोन पोळ्या आणि उसळ. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस संध्याकाळी नाट्यगीतं ऐकत असेल, फार तर अभंग. पण हा माणूस ऐकतो प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं विलायती रॉक. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात कोणीतरी कॅसेट दिली, तेव्हापासून हे दुखणं जडलंय.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या या क्वार्टरमध्ये आम्ही नव्याने राहायला आलो, त्या रविवारी वरून असा काही आवाज आला की मी कणकेच्या हातानेच जिना चढले. वाटलं, कोणाला तरी झटका आलाय. दार त्यांच्या बायकोने, माधवीने उघडलं. ती हसत होती. मागून भाऊजी म्हणाले, "या वहिनी, अगदी वेळेवर आलात. आता शांत कडवं येतंय." शांत कडवं आलं आणि गेलं. मला ते ओळखू आलं नाही.

मी सांगलीची. घरात तबला-पेटी ऐकत वाढले, त्यामुळे समेचं मला थोडंफार कळतं, असा माझा समज होता. भाऊजींनी तो मोडून काढला. "हा रूपकच समजा, फक्त संतापलेला," असं म्हणून त्यांनी मला एक गाणं ऐकवलं. मी मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला लागले. मध्येच ताल बदलला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तो परत बदलला. गाणं संपलं तेव्हा चहावर साय आली होती, आणि भाऊजी कौतुकाने विचारत होते, "सापडली का सम?" मी म्हटलं, सापडली की कळवते.

हे गाणं ज्यांचं, तो त्यांचा लाडका बँड म्हणजे 'कोल्ड अबॅकस'. उत्तर युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातले पाच दाढीवाले. त्यांची खासियत अशी की गायक गातो कमी आणि गुरगुरतो जास्त. भाऊजींना ते गुरगुरणं प्राणप्रिय. या बँडचा टी-शर्ट त्यांना आमच्याच बाजारात, एक्स्पोर्टच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात सापडला होता. विकणाऱ्याने विचारलं, "अंकल, यह भूत वाली? आपके बेटे के लिए?" भाऊजी ताठ मानेने म्हणाले, "मेरे लिए," आणि घासाघीस न करता घेऊन आले. सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस न केलेली ती बहुधा एकमेव खरेदी असेल.

तर या कोल्ड अबॅकसने काही वर्षांपूर्वी घात केला. नवा अल्बम आला, आणि त्यात गुरगुरणंच नाही! पियानो, हळू आवाज, आटोपशीर गाणी. गायक चक्क गात होता. जगभरच्या चाहत्यांत फूट पडली. जुने विरुद्ध नवे. जुने म्हणायचे, हे विकले गेले. नवे म्हणायचे, हे मोठे झाले. इंटरनेटवर या चाहत्यांचा एक कट्टा आहे, तिथे शिव्यांची लाखोली सुरू झाली. आणि त्या गदारोळात आमचे निमकर भाऊजी शर्टाची बटणं लावून उतरले.

ते लिहायचे इंग्रजीत, पण ते इंग्रजी शास्त्री भवनातल्या सरकारी कचेऱ्यांमधलं. मी स्वतः आयुष्यभर सरकारी फायलींवर टिपणं लिहीत आलेय, त्यामुळे मला ते वाचताना घरच्यासारखं वाटायचं. मराठीत सांगायचं तर असं: "१. मान्यवर सदस्यांचा मुद्दा तपासण्यात आला. २. त्यात तथ्य आढळत नाही. ३. गुरगुरणे बंद करण्याचा निर्णय श्रोत्यांशी विचारविनिमय न करता घेण्यात आला आहे. ४. सबब, पूर्वस्थिती कायम ठेवावी. विचारार्थ सादर." ब्राझीलचा एक पोरगा त्यांना कोणी बडा वकील समजून 'सर' म्हणायला लागला. भाऊजींनी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

हळूहळू बाकीचे थकले. कोणी लग्नं केली, कोणी दुसरे बँड धरले. उरले दोघे. एक भाऊजी, आणि दुसरा 'नाइटजार' या टोपणनावाने लिहिणारा कोणीतरी, जो नव्या अल्बमच्या बाजूने अगदी हिरिरीने लिहायचा. भाऊजींच्या प्रत्येक टिपणाला त्याचं लांबलचक उत्तर. मग भाऊजींचं प्रत्युत्तर. दर आठवड्याला हा फड रंगायचा. मला वाटायचं, कुठे तरी थांबावं माणसाने. एकाच अल्बमवर इतकी वर्षं? आमच्याकडे घटस्फोटाचे खटले त्याआधी संपतात.

पण त्यांना मी कधी टोकलं नाही. कारण तो अल्बम आला त्याच वर्षी माधवी आजारी पडली, आणि हिवाळा संपता संपता गेली. मुलगी सई नोकरीला बंगळूरला. घरात हे एकटे. म्हटलं, भांडेनात का. भांडण हीसुद्धा सोबतच असते.

सईचा फोन रोज यायचा, तो मी अनेकदा ऐकलाय. "बाबा, जेवलात? गोळी घेतली? ओके, मीटिंग आहे, चलो, बाय." बस्स. भाऊजीही तसेच. "हो. हो. घेतली. बाय." फोन ठेवल्यावर थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचे.

मध्यंतरी एका शनिवारी बॉबी अरोरा धापा टाकत जिना चढला. बॉबी म्हणजे भाऊजींचा दिल्लीतला एकमेव सहपंथीय. करोल बागेत गाड्यांचे स्पीकर विकतो. भाऊजींचं दार बंद होतं म्हणून तो आमच्याकडे आला. हातात बालुशाहीचा डबा. "भाभीजी, मुँह मीठा करो! बैंड वापस आ गया. वही पुरानी दहाड़! निमकर साब जीत गए!"

खरंच. कोल्ड अबॅकसने जाहीर केलं होतं की पुढचा अल्बम पुन्हा जुन्या वळणाचा. एक गाणं बाहेरही आलं होतं. बॉबीने ते आमच्या बैठकीत लावलं आणि आमच्या शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तेवढ्यात भाऊजी भाजीची पिशवी घेऊन आले. त्यांनी ते गाणं उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकलं. बॉबी त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत होता. भाऊजी म्हणाले, "अच्छा है." एवढंच बोलून ते पिशवी उचलून वर गेले. बालुशाहीला हात लावला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कट्ट्यावर टिपण टाकलं. विषय: बँडच्या परतीबाबत तीव्र हरकत. मुद्दा पहिला, गुरगुरण्याकडे परतणे ही प्रतिगामी कृती आहे. मुद्दा दुसरा, शांत अल्बम हीच या बँडची सर्वोच्च कामगिरी होय. मुद्दा तिसरा वाचवेना.

बॉबीचा फोन मला आला. रडकुंडीला आला होता. "भाभीजी, यह तो सरासर यू-टर्न है! इतने साल मैं इनके पीछे खड़ा रहा यार. सब पूछ रहे हैं, अंकल बिक गए क्या? आप समझाओ इनको."

मी थालीपिठं केली होती, ती ताटलीत घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. आतून गाणं ऐकू येत होतं, पियानो आणि हळू आवाज. भाऊजी ओट्याशी चहा करत होते आणि त्या गाण्याबरोबर गुणगुणत होते. एकही शब्द चुकत नव्हता. ज्या अल्बमला त्यांनी इतकी वर्षं रद्दी ठरवलं, तो माणसाला तोंडपाठ!

मी गाणं बंद केलं आणि म्हटलं, "भाऊजी, हा काय प्रकार आहे? तो बॉबी तिकडे जेवला नाहीये."

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाले, "वहिनी, तो नाइटजार आहे ना, ती सई आहे."

मला आधी काही कळलंच नाही. ते सांगत होते, "माधवी दवाखान्यात होती तेव्हा हा अल्बम आला. मी तिच्या कानाला हेडफोन लावला. जुनी गाणी लागली की ती नेहमी म्हणायची, अहो, त्या माणसाला कोणीतरी पाणी द्या हो! त्या दिवशी ऐकलं आणि हसली. म्हणाली, दिलं बाई एकदाचं कोणीतरी पाणी. सई तिथेच होती. माधवी गेल्यावर काही महिन्यांनी कट्ट्यावर एका नव्या माणसाने लिहिलं, आमच्या घरी या अल्बमबद्दल म्हणायचे की गरीब बिचाऱ्याला अखेर कोणीतरी पाणी दिलं. हे दुसऱ्या कुठल्या घरी म्हणणार, सांगा?"

"मग तुम्ही तिला बोलला नाहीत?"

"काय बोलू? आमच्या घरी सगळा व्यवहार थ्रू प्रॉपर चॅनल चालायचा. तिने आईला सांगायचं, आईने मला. चॅनलच गेलं. आता समोरासमोर आलो की जेवलात का, गोळी घेतली का. पण तिथे मी लिहिलं की हा अल्बम फालतू आहे, की ती दोन-दोन पानं लिहिते. आई कुठल्या गाण्याला डोळे मिटायची, कुठलं परत लाव म्हणायची. नाव घेत नाही, 'माझ्या ओळखीचं एक माणूस' म्हणते. मला हे सगळं माहीतच नव्हतं, वहिनी. मी ऑफिसात असायचो. मी मान्य केलं असतं, तर तिने कशाला लिहिलं असतं?"

इतकी वर्षं मी या माणसाला हट्टी समजत होते, आणि तो आठवड्याला एकदा स्वतःला खोटं ठरवून बायकोची आठवण मागून घेत होता. माझे डोळे भरून आले, ते मी पदराने सरळ पुसले.

"आणि आता बँड परतला," भाऊजी म्हणाले. "परवा तिने लिहिलं, अभिनंदन, आपण जिंकलात, माझ्याकडून हा विषय संपला. विषय संपला! मग मी काय करू? बाजू बदलली. भांडायला काहीतरी राहायला हवं ना. पण कालपासून उत्तर नाही."

चहा उतू गेला. तो पुसेपर्यंत आतल्या खोलीत कॉम्प्युटरने टिंग केलं. भाऊजी हातातलं फडकं घेऊनच धावले. मीही मागे गेले. नाइटजारचं उत्तर होतं, चांगलं लांबलचक. "आपली भूमिका पूर्णतः अमान्य," अशी सुरुवात. पुढे मुद्देसूद प्रतिपादन, की गुरगुरणं हाच या बँडचा आत्मा आहे, आणि जुनं ते सोनं.

भाऊजी वाचता वाचता हसायला लागले. "ही खोटं बोलतेय, वहिनी! हिला गुरगुरणं जन्मात सहन झालं नाही. लहानपणी कानात बोटं घालून माधवीच्या मागे लपायची. हिला कशाला आवडेल ते..."

ते थांबले. चष्मा काढला. पुन्हा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. हे त्यांचं त्यांना कळायला हवं होतं.

"म्हणजे तिनेही बाजू बदलली," ते अगदी हळू म्हणाले. "वहिनी, हिला माहीत आहे मी कोण ते. पहिल्यापासून माहीत असणार."

मी म्हटलं, "मग आता सरळ फोन करा पोरीला."

त्यांनी मान हलवली. "फोनवर लाजेल ती. मीही लाजेन. पुन्हा गोळीवर येऊ." खुर्ची पुढे ओढून ते बसले, बनियनवरच, आणि कीबोर्डवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागले. नव्या कारकुनाने साहेबांकडे बघावं तसे. "काय लिहू?"

"विरोध करा," मी म्हटलं. "चांगला कडक. आणि एवढ्यात मिटवू नका."