नापसंत उमेदवारांची उन्नती

प्रस्तुत लेखात, नोकरी न मिळालेल्या मनुष्यास ती का मिळाली नाही हे त्याच्याच कल्याणासाठी कसे सांगावे, या गहन विषयाचे मी प्रथम विवेचन करणार असून, तदनंतर माझ्या मेहुण्याचे काय झाले ते कथन करणार आहे. विवेचनाचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनीही ते वाचावे, कारण मेहुणा त्यातूनच उद्भवतो.

नोकरी मिळते ती एकाला. न मिळण्याचा लाभ मात्र पुष्कळांना होतो. यास्तव कोणत्याही कारखान्याचा समाजाशी खरा संबंध येतो तो नेमलेल्या माणसांमुळे नव्हे, तर परत पाठवलेल्या माणसांमुळे. हा विचार आमच्या मालकांना एका परिषदेहून परतताना सुचला. (परिषद गंजरोधक रंगांविषयी होती.) आमचा कारखाना वजनकाट्यांचा आहे. मालकांनी आज्ञा केली की यापुढे एकही उमेदवार आपल्या दारातून नुसता जाता कामा नये. जाताना तो काहीतरी घेऊन जावा. नोकरी देणे शक्य नसल्यामुळे अभिप्राय द्यावा असे ठरले, व तो विधायक असावा असेही ठरले.

त्यानुसार जिन्याखालची खोली रिकामी करण्यात आली. तेथे पूर्वी खोटे वजन दाखवणारे काटे ठेवीत असत. एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा एक पेला (उमेदवारासाठी) अशी सामग्री देऊन विधायक अभिप्राय विभागाची स्थापना झाली व त्यावर माझी नेमणूक झाली. मी तोवर पॅकिंगमध्ये होतो आणि खोक्यांवर “ही बाजू वर”, “सांभाळून उतरवावे” हा मजकूर सुवाच्य अक्षरात लिहीत असे. मॅनेजर म्हणाले की जो माणूस खोक्यांशी इतक्या अदबीने बोलतो, तो माणसांशीही बोलू शकेल. माझे शिक्षण शेवटच्या परीक्षेच्या अलीकडेच थांबले होते. परंतु नापास होण्याचा अनुभव या पदास पोषकच मानला गेला.

आता कार्यपद्धती सांगतो. मुलाखत तिघे घेतात: मॅनेजर, हिशेबनीस आणि मालकांचे जावई. उमेदवार बाहेर गेला की ते “नको” असे म्हणतात. या “नको”मधून विधायक आशय काढणे हे माझे काम. मी जाऊन अदबीने कारण विचारतो, ते कारण सांगतात, व मी ते सुसंस्कृत करतो. उदाहरणार्थ, मॅनेजर म्हणतात, “जेवायची वेळ झाली होती हो.” याचा अभिप्राय: आपण वेळेचे भान अधिक जोपासावे. हिशेबनीस म्हणतात, “तोंडवळा थेट माझ्या चुलतभावाचा.” (चुलतभावाशी त्यांचा बांधावरून दावा चालू आहे.) याचा अभिप्राय: आपल्या व्यक्तिमत्त्वात स्वतंत्रपणा आणावा. जावई बहुधा म्हणतात, “जागा कधीच भरली.” याचा अभिप्राय: अर्ज करण्यात तत्परता हवी.

अभिप्रायाच्या आरंभी स्तुती करावी लागते, असा दंडक आहे. स्तुतीस काहीच न सापडल्यास “आपण दार हळू लावलेत, हे मनास भावले” असे म्हणावे. दार उघडेच राहिले असल्यास मोकळेपणाची स्तुती करावी.

विभागाचे यश डोळे दिपवणारे ठरले. पाहणीअंती शंभरातले ब्याण्णव नापसंत उमेदवार संपूर्ण समाधानी आढळले. (उरलेल्या आठांना दुसरीकडे नोकरी लागल्याने त्यांच्याशी संपर्क तुटला.) पुढे तर जागा नसतानाही जाहिराती देणे भाग पडले, कारण विभाग बसून राहणे मालकांना पाहवेना. काट्याला गिऱ्हाईक येवो न येवो, अभिप्रायाला रांग असे.

आता मेहुणा.

माझ्या पत्नीचा हा धाकटा भाऊ आमच्या बाहेरच्या खोलीत पलंगावर राहत असे. त्याची बायको आणि लहान मुलगी तिच्या माहेरी होत्या. नोकरी लागली की एक खोली भाड्याने घ्यायची आणि दोघींना आणायचे, एवढीच त्याची मनीषा. मुलगी फोनवर रोज एकच विचारी, “खोली झाली का?” आणि तो रोज भिंतीकडे बघून म्हणे, “रंग देतोय.” हे ऐकले की माझी पत्नी माझ्याकडे अशा दृष्टीने पाही की भाजीत मीठ नसले तरी मी बोलत नसे.

काटे तपासणाऱ्याची जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज केला. मुलाखत उत्तम झाली. जागा जावयांच्या मित्राला आधीच दिलेली होती. मेहुणा जिन्याखाली आला. सकाळी आम्ही एकाच स्कूटरवरून आलो होतो. तथापि कार्यालयात नाते आणणे मला प्रशस्त वाटेना. मी त्यास पाणी दिले व त्याच्या इस्त्रीची प्रशंसा केली.

“भाऊजी, खरं काय ते सांगा ना,” तो म्हणाला.

“आपला आवाज किंचित कमी पडतो,” मी म्हणालो.

त्याने मनावर घेतले. पुढचे दोन महिने तो बाहेरच्या खोलीत मोठ्याने वर्तमानपत्र वाची. शेजाऱ्यांनी त्यांचे वर्तमानपत्र बंद केले. पुढच्या मुलाखतीनंतर आवाज अंगावर येतो असे ठरले, म्हणून त्याने तो उतरवला. मग हात फार हलतात, मग हात मुळीच हलत नाहीत, मग बसताना पाठ. प्रत्येक उणीव तो निष्ठेने दूर करीत गेला, आणि अखेर त्याच्यात एकही दोष उरला नाही. तो खोलीत आला की खुर्चीलाच अवघडल्यासारखे होई. तेव्हा समितीने त्यास एकमताने नाकारले. हिशेबनीस मला म्हणाले, “इतका चांगला माणूस अजून मोकळा कसा? काहीतरी भानगड असणार.” मी मेहुण्यास सुचवले की त्याने थोडे अपूर्ण राहण्याचा प्रयत्न करावा.

त्या दिवशी घरी पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही माझ्या भावाला इतका सुधारलात, की आता तो कुठेच चालत नाही.” यात तथ्य होते. परंतु स्तुती आरंभी असल्यामुळे मी ते विधायक मानले.

याच सुमारास रांग फाटकाबाहेर गेली आणि विभागास दुसरा अधिकारी नेमण्याचे ठरले. मेहुण्याने अर्ज केला. अनुभव विचारला असता तो म्हणाला, “तुमच्याकडूनच घेतलाय, साहेब.” इतका नाकारला गेलेला दुसरा इसम उमेदवारांत नव्हता. त्याची निवड झाली व जिन्याखाली माझ्या शेजारी दुसरे टेबल लागले. खोली ठरली. मुलगी आणि तिची आई येत्या रविवारी निघणार, असा निरोप आला. मात्र पहिला आठवडा काम पाहून मगच नेमणूक पक्की, असे मॅनेजरांनी बजावले.

पहिल्याच दिवशी मेहुण्याने एक अक्षम्य चूक केली. हिशेब लिहिण्याच्या जागेसाठी आलेल्या एक मध्यमवयीन बाई त्याच्यापुढे बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून त्यास बहुधा स्वतःची आठवण झाली. तो म्हणाला, “बाई, जाहिरात यायच्या आधीच ती जागा भरली होती. तुमच्यात काहीही कमी नाही.”

बाईंनी मांडीवरची पर्स उघडली आणि पुन्हा मिटली.

“असं कसं होईल?” त्या म्हणाल्या. “काहीतरी कमी असणारच. जरा नीट बघा ना.”

“खरंच नाही, ताई.”

“म्हणजे आता मी घरी जाऊन करू काय?”

मेहुण्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाई उठल्या, माझ्या टेबलाशी आल्या. मी त्यांना पर्स मांडीवर न ठेवता बाजूस ठेवावी असे सुचवले. त्यांनी माझे दोनदा आभार मानले. पाहता पाहता मेहुण्यापुढची सगळी रांग माझ्याकडे सरकली. जाता जाता एका गृहस्थांनी मॅनेजरांकडे तक्रार केली की नवे साहेब उद्धट आहेत, माणसाला निर्दोष म्हणतात. संध्याकाळी मॅनेजरांनी जिन्याखाली डोकावून रिकामी खुर्ची पाहिली व काही न बोलता निघून गेले. (न बोलणे हा त्यांचा सर्वात स्पष्ट अभिप्राय होय.)

परतताना स्कूटरवर मेहुणा मागे होता. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, “भाऊजी, त्यांना खरं सांगितलं, तर त्या रडकुंडीला आल्या.”

मी म्हणालो, “अरे, दोष सांगितला की माणसाला उद्याचं काम मिळतं. आपण नोकरी देत नाही, निदान काम तरी देतो.”

सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे एक तरुण येऊन बसला. सरळ, नीटनेटका, कोठे नाव ठेवण्यास जागा नाही. मी माझ्या टेबलावरून पाहत होतो. मेहुणा त्याच्याकडे पाहतच राहिला. पुढे ठेवलेला पाण्याचा पेला त्याने स्वतःच उचलून पिऊन टाकला. मग अत्यंत मायेने म्हणाला, “दार हळू लावलंत, छान वाटलं. फक्त बोलताना आपली मान किंचित डावीकडे झुकते.”

तरुणाचा चेहरा उजळला. “मला वाटतच होतं,” तो म्हणाला.

नेमणूक पक्की झाली. रविवारी मायलेकी आल्या. खोलीस रंग दिलेला नाही, हे मुलीने दारातच सांगितले. मेहुण्याची रांग हल्ली माझ्याहून लांब असते, आणि त्याचा मला अभिमान आहे. कारखान्यात आता सर्वच जण मला भाऊजी म्हणतात.

सुज्ञ वाचकहो, आपण या नापसंत मंडळींना मनातून हसला असाल. हसावे, परंतु मघाशी मानेविषयीचे वाक्य आले तेव्हा आपण आपली मान हळूच सरळ केलीत. ती आधीही सरळच होती. आपले समाधान आम्ही पाहणीत धरले आहे.

इतका वेळ एका जागी बसलात, ही आपली वृत्ती स्तुत्य आहे. आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
जिन्याखालचे भाऊजी