बंबावर तापलेली गाडी

उंब्रजच्या जयराजने यंदा गावात एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "सांगलीची शर्यत आपण मारली म्हणून समजा." शर्यत जानेवारीत, आणि हा गडी दिवाळीपासून सांगत सुटलेला. चहाच्या टपरीवर सांगितलं, सोसायटीच्या कट्ट्यावर सांगितलं, एकदा तर सावडायला गेला होता तिथंही सांगितलं.

शर्यत बैलांची नव्हे बरं का. मोटारींची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, समोर सरळ रस्ता, दिवा हिरवा झाला की सुसाट सोडायच्या. ड्रॅग रेस म्हणतात तिला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत खेळ खलास होतो, आणि त्यासाठी जयराज वर्षभर एका जुन्या पांढऱ्या गाडीखाली पाठीवर झोपलेला असायचा.

त्याचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. मिशी अजून ड्यूटीवर असल्यासारखी. पोरगं लागोपाठ दोनदा हरून आल्यावर त्यांनी जेवताना शांतपणे सांगितलं, "जया, औंदा हरलास तर गाडीचं इंजिन काढून मी उसाच्या चरकाला लावणार. गुऱ्हाळावर निदान रस तरी निघंल."

दुसरा कुणी बाप बोलला असता तर जयराजने कानाआड केलं असतं. पण सुभेदार बोलले की करायचे. बारावीला नापास झालास तर टीव्ही गोठ्यात नेऊन ठेवीन, असं एकदा बोलले होते. तो टीव्ही अजून म्हशी बघतात.

त्यात यंदा एक नवीन नियम आला. मागच्या वर्षी गाड्यांच्या आवाजाने आसपासच्या वस्त्यांवरची माणसं वैतागली होती. म्हणून आयोजकांनी ठरवलं, आपली पाळी येईपर्यंत कुणीही इंजिन चालू करायचं नाही. आता जानेवारीच्या सकाळी शर्यतीच्या माळावर थंडी ही अशी. थंड इंजिनात ऑइल गोठलेल्या तुपासारखं घट्ट होतं. तशीच गाडी जोरात पळवली तर ती खोकते, नाहीतर कायमची बसते. म्हणजे इंजिन चालू न करताच आतलं ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं ते हिरवं पाणी, आधी तापवायला हवं.

सांगलीच्या विश्वजीतला काळजी नव्हती. घरी हळदीची पेढी. त्याने त्यासाठी विजेचा हिटर मागवला होता आणि तो चालवायला जनरेटर. गेल्या दोन्ही वर्षी जिंकलेला तोच.

"आपल्याकडं काय हाय?" जयराजच्या जोडीदाराने, पप्पूने विचारलं. पप्पू जतकडचा. घरात मेंढरं होती तोवर मेंढरांमागे फिरला, आता पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जयराजच्या मागे फिरत होता.

जयराज न्हाणीकडे बघत हसला. तिथं आंघोळीचं पाणी तापवायचा आईचा तांब्याचा बंब धुमसत होता.

बेत फक्कड होता. बंबात कूलंट भरायचं, मधल्या नळकांड्यात उसाची चिपाडं घालून जाळ करायचा. पाळी जवळ आली की बंबाच्या तोटीला नळी लावायची, फवारणीच्या पंपाची छोटी मोटर जोडायची आणि ते गरम कूलंट इंजिनात खेळवायचं. ऑइल दुधाच्या किटलीत वेगळं तापवायचं आणि ती किटली पप्पूच्या घोंगडीत गुंडाळून ठेवायची. जतची घोंगडी, तिच्यातून ऊब बाहेर पडणं अवघडच.

फक्त आईला सांगायचं नव्हतं. बनुबाई एकवेळ पोराला घराबाहेर जाऊ देतील, बंबाला नाही. म्हणून शर्यतीच्या दिवशी पहाटे त्या गोठ्यात धारा काढायला बसल्या आणि बंब गुपचूप भाड्याच्या पिकअपमध्ये चढला, गाडी मागे दोराने बांधली. बंबाशेजारी सुभेदारही येऊन बसले.

"आबा, तुमी कशाला?" जयराजने विचारलं.

"इंजिन काढायला माणूस लागंल की," सुभेदार म्हणाले.

माळावर पोचल्या पोचल्या पप्पूने जाळ घातला. ऑइलची किटली तापवून घोंगडीत गेली. बंबातलं कूलंट वाफा टाकायला लागलं आणि तेवढ्यात गाड्या तपासणीला आणा असा पुकारा झाला. इंजिन चालू करायचं नाही म्हटल्यावर गाडी ढकलत न्यायची, आणि ढकलायला दोघं तरी पाहिजेत.

"आबा, बंबाकडं लक्ष द्या. जाळ विझू देऊ नका," एवढंच सांगून जयराज गेला.

आत काय आहे ते सांगितलं नाही. इथंच सगळं फसलं.

सुभेदारांचा सगळा जन्म पहाटेच्या आंघोळीत गेलेला. त्या दिवशी पोराच्या घाईपायी ती राहिली होती, आणि अंग कसं आंबल्यासारखं झालं होतं. समोर घरचाच बंब, त्यात कढत पाणी. त्यांनी तोटी सोडली. पाणी हिरवंगार. सुभेदार गहिवरले. हिवाळ्यात त्यांच्या पाठीला खाज सुटते म्हणून बनुबाई बंबात कडुनिंबाचा पाला टाकत असत. "एवढ्या घाईतबी बायकोनं आठवणीनं पाला टाकला," असं म्हणत त्यांनी पिकअपच्या आडोशाला मनसोक्त आंघोळ केली.

आणि बंबाचा नियम तर कुणालाही माहीत. काढलं तेवढं भरायचं. गरम पाण्याची बादली काढली की गार पाण्याची बादली वरून ओतायची, म्हणजे मागच्या माणसाला कमी पडत नाही. सुभेदारांनी माळावरच्या पाण्याच्या टँकरवरून बादली आणली आणि नियम पाळला.

वाफाळता बंब बघून थंडीने काकडलेली माणसं जवळ येऊ लागली. सुभेदार कुणाला नाही म्हणणारे नव्हते.

"या, या, लाजू नका. निंबाचं पाणी हाय, खाज जाती. फक्त काढलं तेवढं भरायचं."

झेंडेवाला तोंड धुऊन गेला. वडापाववाला हातपाय धुऊन गेला. पंच दोनदा आले. सगळ्यात शेवटी खुद्द विश्वजीत आला. त्याचा हिटर लावून झाला होता, गाडी तापून तयार होती. त्याने दाढी करायला बादलीभर घेतलं आणि निघाला.

"ए, थांब. भरणार कोण?" सुभेदारांनी हाक मारली.

"आवं, माझी पाळी आलीया आता."

"फौजेत सगळ्यांचीच पाळी येती. बादली घे."

त्या आवाजापुढे हळदीची पेढी काय करणार? विश्वजीत बादली घेऊन टँकरकडे निघाला.

जयराज आणि पप्पू परत आले तेव्हा समोर वडील उभे. केस विंचरलेले, प्रसन्न मुद्रा आणि पांढरी मिशी पोपटी.

"आबा," जयराजचा आवाज चिरकला, "तुमी हिरवं का दिसताय?"

"पाला लय टाकलाय तुझ्या आईनं."

जयराजने बंबात हात घातला. आत साधं पाणी, तेही कोमट. तो खालीच बसला. "आबा, ते पाणी न्हवतं. इंजिनात घालायचं औषध व्हतं. आता गाडी थंड, आन् म्होरचीच पाळी आपली. लावा ते इंजिन चरकाला."

"चूळ भरली व्हती का?" पप्पूने घाबरून विचारलं.

"भरली. गोडूस लागली. थुकली."

पप्पूने त्यांना चांगल्या पाण्याने चार वेळा चूळ भरायला लावली. सुभेदार मुकाट्याने चुळा भरत राहिले, पण नजर पोरावर होती. दिवाळीपासून पोपटासारखं बोलणारं पोरगं चिपाडाच्या ढिगाशेजारी मान खाली घालून बसलं होतं.

त्यांनी शेवटची चूळ थुंकली आणि आख्ख्या माळाला ऐकू जाईल असा आवाज दिला. "ज्यानं ज्यानं ह्या बंबाचं पाणी घेतलंय, त्यानं हितं यायचं. आत्ता."

आले की हो सगळे. वडापाववाल्याने चुलीतली जळती लाकडं आणली. झेंडेवाल्याने शेजारच्या फडातून वाळलेलं पाचट ओढून आणलं. पंचांनी आपण पंच आहोत म्हणून आधी आढेवेढे घेतले, मग फुंकणी हातात घेतली. विश्वजीतला सुभेदारांनी जाळ घालायलाच बसवलं.

"आवं, माझी गाडी गार व्हईल," विश्वजीत म्हणाला.

"दाढी गरम पाण्यानं केलीस न्हवं?"

विश्वजीतने पाचटाचा बोळा आत कोंबला. बंब घोंगावायला लागला. पाण्याला आधण आलं. पप्पूने नळी जोडली, मोटर सुरू केली. गरम पाणी इंजिनात खेळायला लागलं, काटा हळूहळू वर चढला. घोंगडीतून ऑइलची किटली काढली तर धरवेना, इतकी गरम. ती इंजिनात रिती केली तोवर पुकारा झालाच.

दोन्ही गाड्या रेघेवर आल्या. जयराजने चावी फिरवली आणि त्याची गाडी एका झटक्यात सुरू झाली. विश्वजीतचीही झाली, पण जरा कुरकुरत. दिवा हिरवा झाला. विश्वजीतच्या गाडीने एकदाच खोकून घेतलं. तेवढ्यात पांढरी गाडी निसटली, ती मागे वळून बघायलाच तयार नाही. शेवटच्या झेंड्याशी ती गाडीभर पुढे होती.

सुभेदार पळत सुटले. टोपी पडली तरी थांबले नाहीत. पोराला गाडीतून ओढून काढून त्यांनी मिठी मारली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर हिरवा डाग पडला. "माझा वाघ रं," म्हणत त्यांनी त्याची पाठ थोपटली. विश्वजीतने येऊन हात मिळवला. म्हणाला, "गड्या, पुढच्या वर्षी मी घरनंच दाढी करून येणार."

उंब्रजमध्ये हलगी वाजली, गुलाल उधळला. चरकाचा विषय कुणी काढला नाही. दारात फक्त बनुबाईंनी ओवाळायचं ताट हातात तसंच धरून विचारलं, "बंब कुठाय?"

बंब उतरवला. त्यांनी आत वाकून वास घेतला, मग नवऱ्याच्या मिशीकडे बघितलं. "ह्यातलं पाणी आता कुणाच्या अंगावर पडू देणार न्हाई मी," एवढं बोलून त्यांनी ओवाळलं.

सुभेदारांना तर पहाटे आंघोळ पाहिजेच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पप्पूकडून एका पिंपात तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवून घेतलं. नळीची दोन्ही टोकं गाडीच्या इंजिनाला जोडली. इंजिन चालू केलं की आतलं गरम पाणी वेटोळ्यातून फिरतं आणि पिंपातलं आंघोळीचं पाणी बाहेरून छान तापतं.

आता कपाटावर चषक चमकतो, आणि सांगलीची शर्यत मारलेली गाडी रोज उजाडायच्या आत अंगणात घुरघुरत उभी असते. सुभेदार आंघोळ करतात, बनुबाई करतात, थंडी जास्त असली तर शेजारचेही येऊन जातात. नियम तोच आहे, काढलं तेवढं भरायचं. पण सुभेदारांनी त्यात थोडी सुधारणा केली आहे. आता ज्याची गाडी, त्यानं भरायचं.