दस्तगीरचाचा कुणालाही जुलमी म्हणू देत नाहीत

गेल्या बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता उचगावच्या दस्तगीरचाचांवर अन्याय झाला. करणारी मी. दुसऱ्यांचे अन्याय पत्रकात छापते, मग स्वतःचा का झाकू?

चाचांनी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. आता पाण्या-गटारावरची माझी पत्रकं दर बुधवारी तपासून देतात, फुकट. वर चहाही त्यांचाच. फक्त 'जुलमी' हा शब्द वापरायला त्यांची परवानगी लागते.

मागं एकदा चाचांनी विचारलं, "ह्या पाणी समितीच्या अध्यक्षानं काय केलं?"

"तीन दिवस पाणी सोडलं नाही."

"मग आळशी लिही की! जुलमी व्हायला राज्य लागतंय, फौज लागतीया. ह्याच्याकडं काय हाय? पाणी सोडायचा एक पाना!"

मी चिडून 'हुकूमशहा' लिहिलं. चाचांनी कपाळाला हात लावला. "हुकूम अरबीतला, शहा फारशीतला. आपण मराठीत दोघांचं लगीन लावलं. एवढ्या लांबनं आलेली पावणं, आणि तू त्यांस्नी गटारावर बसवतीस व्हय?"

जुलूमही अरबीच. जी वस्तू जिथली, तिथून काढून भलत्या जागी ठेवणं, असा त्याचा जुना अर्थ चाचा सांगतात. बाहेर हा शब्द ते जपून वापरतात, घरात मात्र सुनेनं कप इकडचा तिकडं ठेवला तरी "नसीम, जुलूम झाला!" म्हणून ओरडतात.

तपासायची रीत छापखान्यातली. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पकडायचं. पूर्वी चाची वाचायच्या. त्या गेल्यापासून मी. टिंबसुद्धा म्हणायचं.

"हुकूममधला कू कसला काढलास?"

"दीर्घ."

"आन् जुलमीतला ल?"

"मोकळा."

"शाबास. फुडं."

मला वाटायचं, परीक्षा घेतात. आमचं हे वाचन गल्लीभर ऐकू जातं. एकदा अध्यक्षच दारात येऊन उभे राहिले. "चाचा, मला जुलमी म्हणताय?"

"अजून न्हाय," चाचा शांतपणे म्हणाले. "शब्द तपासतोय. बसा, च्या घ्या."

बसले की! चहा पिऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं. पत्रक छापायलाच लागलं नाही. मला त्याचाही राग आला होता.

तर गेल्या बुधवारी मला घाई होती. गटाराच्या प्रश्नावरचा मोर्चा त्याच दुपारी होता. मी मजकूर मोबाइलवरून थेट छापखान्यात पाठवला आणि साडेअकराला पत्रकं वाटायला लागले. चाचांकडे गेलेच नाही.

संध्याकाळी गेले. ते खुर्चीत बसले होते, पत्रक हातात. कुणीतरी आणून दिलं असणार.

"हुकूमशहा कसा लिहिलायस ह्यात?"

"तुमच्या हातातच आहे की, चाचा."

आतून नसीमभाभी म्हणाल्या, "त्यास्नी छापलेलं दिसत न्हाय. वरीस झालं. तुमास्नी सांगू नका म्हणाल्यात. सकाळधरनं बसल्यात तुमची वाट बघत."

म्हणजे वर्षभर चाचा माझी पत्रकं फक्त ऐकत होते. ती परीक्षा नव्हती.

"चाचा, मी जुलूमच केला."

"मोठी आली जालीम! तुझी अजून तेवढी लायकी न्हाय," चाचा म्हणाले. "इसरलीस. इसरले म्हण. मराठीत चांगला शब्द हाय."

मग पत्रक माझ्याकडे सरकवलं. "वाच."

छापून, वाटून झालेलं पत्रक मी पहिल्या ओळीपासून वाचलं. चुका चार निघाल्या. चाचा खुशीत होते.

बुधवार माझा आहे. बाकीचे सहा वार मोकळे आहेत. पत्रक हवंच असं नाही. लग्नपत्रिका आणा, पोराचा निबंध आणा, कामगार असाल तर कंपनीची नोटीस आणा. सकाळी साडेदहाला या आणि चाचांसमोर बसून मोठ्यानं वाचा. दया म्हणून येऊ नका, ते ओळखतात. त्या सहातला एक वार तुमचा. कोणता, ते आजच सांगा.