गादीवाल्यांच्या विहिरी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या संग्रहालयात कॉपीराइटचा कायदा कुणाला कळत असेल, तर तो मला! कायद्याचं नाव निघालं की संचालकबाई माझ्याकडे बघतात. कुणी दालनात फोटो काढायला लागलं की पहारेकरी सरळ मलाच बोलावून आणतो. माझा हुद्दा 'संगणक विभाग प्रमुख'. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे या प्रमुखपदाला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही.

तर गेल्या वर्षी सरकारने कॉपीराइटचा कायदा सुधारायला समिती नेमली आणि लोकांकडून सूचना मागवल्या. मी सोळा पानांचं निवेदन ठोकून दिलं. मागणी अगदी साधी होती. जुनं सॉफ्टवेअर जपायचं तर त्याची प्रत काढावी लागते आणि कंपनीने घातलेलं कुलूप तोडावं लागतं. कंपनी बुडून वीस वर्षं झाली असली तरी आज तो गुन्हाच. संग्रहालयांना आणि ग्रंथालयांना तेवढी मोकळीक द्या, नाहीतर उद्या आमच्या कपाटात नुसत्या फ्लॉप्या उरतील आणि खाली पाटी लावावी लागेल, 'यात काहीतरी होतं.'

उदाहरण म्हणून मी आतोबांच्या विहिरी दिल्या होत्या.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाणीखात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर शहरभर विहिरी शोधत हिंडले, बुजलेल्यासुद्धा सोडल्या नाहीत, आणि नकाशे काढायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये अकराशे चाळीस विहिरी भरल्या. नकाशावरच्या टिंबावर क्लिक केलं की त्यांनी लिहिलेली टीप उघडते. 'पाणी गोड, शेजारीण कडू', असल्या टिपा. आत्याने काय चाललंय म्हणून विचारलं की म्हणायचे, "पुरं झालं की दाखवतो." पुरं व्हायच्या आत तेच गेले. आत्याने त्यांचा कॉम्प्युटर आमच्या संग्रहालयाला दिला आणि तेव्हापासून दर गुरुवारी अकरा वाजता ती आमच्या दालनात येते, त्या पडद्यासमोर बसते, दहा विहिरी बघते आणि नवऱ्याला रागावते.

"सातशे चार नंबरला तीनदा गेलेले दिसतात," एकदा ती मला म्हणाली. "पाण्याची खोली मोजायला एकदा जाऊन भागत नाही होय?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जी भांडणं राहून गेली, ती आत्या आमच्याकडे येऊन हप्त्याहप्त्याने पुरी करत होती. घरी जाताना तिचा चेहरा इतका टवटवीत असायचा की मलाही बरं वाटायचं.

आता यातली ग्यानबाची मेख. आत्याने दिलेला कॉम्प्युटर वर्षभरापूर्वीच धूर काढून निजधामाला गेला होता. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या एकाच कॉम्प्युटरपुरतं. आमच्या स्टोअरकीपरला सगळे चिमटा म्हणतात, कारण तो कशातूनही काहीही काढून देतो. त्याने त्या जळक्या डब्यातून सॉफ्टवेअर काढलं, कुलूप तोडलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवलं. कसं केलंस, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

आणि समितीचं पत्र आलं. निवेदन आवडलं, येत्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सदस्य स्वतः येऊन विहिरी बघणार!

संचालकबाईंनी मला बोलावलं. "ती प्रत चालतेय ना आपल्याकडे, ती कायदेशीर आहे ना?"

"होऊन जाईल मॅडम," मी म्हणालो. "कंपनीची लेखी परवानगी आणतो."

चिमट्याला हे कळलं तेव्हा तो हातातला बल्ब तसाच ठेवून माझ्या खोलीत आला.

"साहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला विचारू नका."

"अरे, आपण कायदा बदलायला निघालोय. आपले हात स्वच्छ नकोत?"

"हात स्वच्छच आहेत. तोंड तेवढं बंद ठेवा म्हणतोय."

अडाणी माणसाशी वाद घालू नये म्हणून मी सरळ कामाला लागलो. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तिचं उरलंसुरलं दुसरीने घेतलं, दुसरीला तिसरीने गिळलं, आणि तिसरीचं गोदाम मोक्याच्या जागी होतं म्हणून ते एका गाद्यांच्या कारखान्याने विकत घेतलं. गोदामाबरोबर कपाटं आली, कपाटांबरोबर कागद आले आणि कागदांबरोबर आतोबांच्या सॉफ्टवेअरचे हक्कही आले. हा शोध लावायला मला अठरा दिवस लागले. मी कारखान्याला मुद्देसूद पत्र लिहिलं, सगळी कागदपत्रं जोडली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

समिती यायच्या आधीच्या सोमवारी त्यांच्या वकिलाने बोलावलं. वकीलसाहेब नमुन्याच्या गाद्यांच्या ढिगाआड बसले होते. त्यांनी मला एका गादीवर बसवलं. मी कमरेपर्यंत आत गेलो.

"तुमचे आभार मानावे तेवढे थोडे," ते म्हणाले. "हे हक्क आमचे आहेत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं."

"वा. मग परवानगी देताय ना?"

"कशाची देतोय हे बघितल्याशिवाय कशी देणार? आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही. तुमच्याकडची एक प्रत पाठवून द्या."

"पाठवायची म्हणजे आणखी एक प्रत काढावी लागेल."

"विनापरवाना?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मी वकील म्हणून कसं सांगू?"

"मग तुम्ही संग्रहालयात येऊन बघा."

"विनापरवाना प्रत चालू असलेल्या ठिकाणी मी जाणं बरं दिसेल का? आणि साहेब, तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय की कुलूप तोडलंय. आता आम्हाला कळलंय म्हटल्यावर आम्हाला काहीतरी करावंच लागणार. बुधवारपर्यंत प्रत उडवा आणि एकही प्रत शिल्लक नाही असं सहीनिशी कळवा. नाहीतर नाइलाजाने आम्हाला कोर्टात जावं लागेल."

"तुम्हाला ते सॉफ्टवेअर विकायचंय का?"

"छे. आम्ही गाद्या विकतो."

मला गादीतून बाहेर काढायला दोन माणसं लागली.

संचालकबाई कोर्टाचं नाव ऐकूनच पांढऱ्या पडल्या. बुधवारी दुपारी मी माझ्या हाताने ती प्रत उडवली. टिपांची फाइल तेवढी राहिली, पण ती उघडणारं सॉफ्टवेअरच नाही म्हटल्यावर ती असून नसल्यासारखी. मग मी दाखल्यावर सही केली. 'सदर सॉफ्टवेअरची एकही प्रत आता अस्तित्वात नाही.' चिमटा बाजूला उभा होता. तो नाक शिंकरत निघून गेला.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ते काळ्या पडद्यासमोर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"इथे बघायचं काय?"

"काहीच नाही साहेब," मी म्हणालो. "आणि हाच माझा मुद्दा आहे."

"मला तर मुद्दाही दिसत नाहीये."

इतक्यात अकरा वाजले आणि आत्या आली. समितीला बाजूला करून ती आपल्या खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि पडद्याकडे वळली.

"कुणी उडवलं हे?"

"मीच, आत्या. कायद्यानेच तसं करावं लागलं."

"कुठल्या कायद्याने?"

"तोच बदलायचाय आपल्याला."

"मग बदलून झाल्यावर उडवायचंस की रे," आत्या म्हणाली. "एवढी घाई कसली होती?"

समितीतल्या वकीलबाईंनी वहीतून डोकं वर काढलं. "या टिपा लिहिल्या कुणी?"

"हिच्या यजमानांनी."

"म्हणजे सॉफ्टवेअर गाद्यांच्या कारखान्याचं, पण टिपांचा कॉपीराइट या आजींचा. दालनात दाखवण्याआधी यांची लेखी परवानगी घेतली असेल ना?"

मी सोळा पानं लिहिली होती. अठरा दिवस खपून गादीवाले हुडकून काढले होते. पण दर गुरुवारी समोर येऊन बसणाऱ्या माझ्या सख्ख्या आत्याला विचारायचं काही मला सुचलं नव्हतं! माझे कान तापले. खरं सांगतो, कारखान्याच्या गादीत रुतलो होतो तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती.

"मला कोण विचारतंय," आत्या म्हणाली, आणि पिशवी उचलून निघून गेली.

तीन महिन्यांनी समितीचा अहवाल आला. त्यात 'कायद्याचे काटेकोर पालन करणारी संस्था' म्हणून आमचं कौतुक होतं. संचालकबाईंनी ते पान चौकटीत घालून लावलं. शिफारस अशी होती की संग्रहालयांना जुन्या सॉफ्टवेअरची प्रत काढू द्यावी, मात्र मालकाच्या लेखी परवानगीने. म्हणजे आज आहे तेच, फक्त नव्या कागदावर.

आत्याचं येणं त्या गुरुवारीच बंद झालं होतं. अहवाल आला तरी तिची खुर्ची रिकामीच होती. मी तिला फोन करायचो आणि ती "बरी आहे" म्हणून ठेवून द्यायची. बाईचा नवरा एकदा देवाने नेला आणि दुसऱ्यांदा मी, हे मनातून जाईना. शेवटी एका गुरुवारी माफी मागायची म्हणून अर्धी रजा टाकली. चिमटाही रजेवर होता. अलीकडे दर गुरुवारी त्याचं पोट दुखायचं.

आत्याचं दार उघडंच होतं. आतून तिचा चढलेला आवाज येत होता.

"नऊशे अठ्ठावीस. इथे गेलात त्या दिवशी मला सांगितलंत बहिणीकडे चाललोय म्हणून!"

मी आत गेलो. टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर. आत्या चष्मा लावून बसलेली. चिमट्याच्या हातात चहाचा कप होता. मला बघताच तो उडी मारून पडद्यासमोर आडवा आला, पण तो पडला काडीपैलवान. त्याच्या दोन्ही बाजूंनी विहिरी दिसत होत्या.

मला एकदम आनंद झाला आणि पाठोपाठ तो दाखला आठवला. एकही प्रत अस्तित्वात नाही, या वाक्याखाली माझी सही होती.

"आत्या, मी हे बघितलं तर मला कळवावं लागेल गं."

"मग बघू नकोस," आत्या म्हणाली. तिने एक खुर्ची ओढली, भिंतीकडे फिरवून ठेवली आणि चिमट्याला सांगितलं, "याला चहा दे."

तेव्हापासून दर गुरुवारी माझंही पोट दुखतं. मी भिंतीकडे तोंड करून बसतो आणि आत्या मागे टिपा वाचते. आम्ही आता हजार बावन्नवर आलोय. परवा ती एक टीप वाचता वाचता हळू झाली आणि मग स्वतःशीच हसली. मला नीट ऐकूच आलं नाही.

"आत्या, ती परत वाच ना, जरा मोठ्याने."

"लेखी अर्ज दे," आत्या म्हणाली. "विचार करते."