ओढ्यातला फेस आणि माझं भाषण

पर्यावरण या विषयात मला हरवणारा माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, असं मी मागच्या पितृपक्षापर्यंत मानत होतो. कोल्हारजवळच्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवतो. अन्नसाखळी तर अशी शिकवतो, की पोरं घरी जाऊन आईला भाजीतली अळीसुद्धा फेकू देत नाहीत. अळी म्हणजे प्राथमिक भक्षक!

त्या रविवारी मी ठरवलं, परिसंस्थेचा धडा फळ्यावर नाही, ओढ्यावर घ्यायचा. सकाळीच वर्ग काठावर नेऊन बसवला.

"हे बघा शेवाळ. शेवाळ किडा खातो, किड्याला बेडूक, बेडकाला बगळा. एक कडी तुटली की सगळं कोसळलं."

बगळाही समोर शहाण्यासारखा उभा होता, जणू शाळेनंच मानधनावर नेमलाय.

एवढ्यात वरच्या अंगानं फेस आला. आधी वाटीएवढा, मग परातीएवढा, मग कापसाच्या गाडीतून गठ्ठे सांडावेत तसा. बगळा उडाला. एक बेडूक डोक्यावर फेसाची टोपी घालून दगडावर चढला आणि पुढाऱ्यासारखा आमच्याकडे बघत बसला.

"सर," एका मुलीनं हात वर केला, "हे अन्नसाखळीत कुठं बसतं?"

"हे बसत नाही, हे साखळी तोडतं. यालाच म्हणतात जलप्रदूषण," मी म्हणालो. माझा आवाज आपोआप जड झाला. बेडकाला उचलून लांब गवतात सोडलं. खरंच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात फ्लेक्स छापणारा बिभीषण मोटारसायकलवरून चालला होता. फेस बघून थांबला.

"सर, कुणाचं काम म्हणायचं हे?"

"एवढा फेस म्हणजे धुण्याचा सोडा. वरच्या बाजूला एवढा सोडा कोण वापरतं, तूच सांग."

वरच्या बाजूला काकासाहेबांचं दूध संकलन केंद्र होतं. रोज कॅन धुतले जायचे. मी नाव घेतलं नाही, फक्त तिकडे बघितलं. आमच्या गावाला तेवढं पुरतं. बिभीषणानं चार फोन केले आणि बघता बघता निम्मं गाव ओढ्यावर जमलं. मी पोरांना घरी धाडलं आणि मोर्चाच्या पुढे झालो.

केंद्राच्या दारात मी भाषण केलं. ओढा हा गावाचा श्वास आहे, काही लोक चार पैशांसाठी तो कोंडतायत, वगैरे. टाळ्या पडल्या. खांद्यावर टॉवेल टाकून काकासाहेब बाहेर आले. वयानं माझ्या वडिलांसारखे. सगळं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, मोटार कालपासनं जळालीय. आज एक बी कॅन धुतला न्हाई. माझंच तोंड धुवायचं ऱ्हायलंय."

"मग हा फेस?"

"तेच म्हन्तो. तुमी माझ्या दारात उभं ऱ्हायलाय आन फेस त्याच्या बी वरनं येतोय."

सगळ्यांनी माना वळवल्या. खरंच, फेस केंद्राच्याही पुढून, ओढ्याच्या वळणाकडून येत होता. हे भाषणाआधी बघायला हवं होतं.

"माझ्या म्हशी हेच पानी पित्यात," काकासाहेब काठी घेऊन निघाले. "कोन हाय त्याला बघतोच."

आता मोर्चाला दोन पुढारी झाले.

वळणाच्या अलीकडे बाभळीवर एक गोधडी वाळत घातली होती. तिच्या मधोमध चॉकलेटी पँटचा तुकडा होता, खिशासकट. पँट ओळखीची वाटली. जवळ गेलो तर माझीच.

मी वळून मोर्चापुढे हात आडवे केले.

"थांबा," मी म्हणालो. "आधी शास्त्रीय पद्धतीनं नमुना घ्यायला हवा. बाटली कुठंय आपल्याकडं? उद्या येऊ."

"सर, भिऊ नका," बिभीषण म्हणाला. "आमी हाय की मागं."

ते मागे होते, हीच तर अडचण होती.

वळणापलीकडे माझी आई, मालनबाई, लुगडं खोचून पोटरीभर फेसात उभी होती. दगड लावून तिनं पाणी अडवलं होतं आणि माझी बायको पंकजा त्यात गोधड्या तुडवत होती. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण धुवायचं, हा आमच्याकडचा नेमच. फक्त आई दरवर्षीच्या घाटावर न जाता गर्दी टाळून इकडे आली होती. आमच्या देखत तिनं एक दगड काढला आणि फेसाचा डोंगर गावाकडे निघाला.

मोर्चा काठावरच थबकला. आई मात्र खूश झाली.

"वैजू, बरं झालं मानसं आनलीस. गोधडी पिळायला दोघं लागत्यात, आमच्या हाताचं पार पानी झालंय."

काकासाहेबांनी फेसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मालनबाई, पावडर कोनची म्हनायची ही?"

"ह्यानंच आनलीय. आख्खी गोनी. बादली फुकट हुती म्हनं."

बादली काठावर होती. लाल. सगळ्यांनी ती नीट बघून घेतली.

पंकजा माझ्याकडे बघेना. तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडतेय, मग कळलं हसतेय.

"धरा रे एकेक टोक," काकासाहेबांनी हुकूम दिला. प्रदूषणाविरुद्ध आलेली माणसं जोडीजोडीनं गोधड्या पिळायला लागली. माझ्या वाट्याला काकासाहेब आले.

"काकासाहेब, माझं चुकलं," मी हळूच म्हणालो. "भर दारात तुम्हाला बोललो."

"ते ऱ्हाऊ द्या. टोक घट धरा, सुटतंय."

उरलेल्या गोधड्या त्यांच्याच दुधाच्या टेम्पोत घालून आम्ही गावच्या टाकीवर नेल्या. निघताना ओढ्यात फेसातून वाचलेले मासे दगडांच्या आडोशाला तोंड वर काढून होते. आईला ते दाखवलं तेव्हा तिनं पावडरीच्या गोणीचं तोंड घट्ट बांधून टाकलं.

सोमवारी शाळेच्या फाटकात पाच-सहा बायका उभ्या होत्या. पुढे लंकाबाई, आमच्या वर्गातल्या एका मुलाची आजी. आता गाव जाब विचारणार, हे मी ओळखलं आणि आपण होऊनच सुरुवात केली.

"तुमचा राग मला समजतो. पण ती पावडर ओढ्याला घातक आहे. गावात पुन्हा कुणी आणू नये म्हणून मी तिचं नाव कुणालाही सांगणार नाही."

लंकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव ऱ्हाऊ द्या गुरुजी. दुकान तुमच्या आईनं सांगितलंय. फकस्त तुमचं नाव सांगितलं तर आमाला बी बादली फुकट मिळंल का, तेवढं सांगा."