भुईचाफ्यास छत्र मिळाले त्याची हकीकत

श्रीवनदेवता प्रसन्न असो. शके सोळाशे एकोणपन्नास, प्लवंगनाम संवत्सरी, ज्येष्ठमासापासोन अमुक राज्यात जे जाहले ते सेवकाने डोळां पाहिले, तैसे लिहितो. राणी मैनाऊसाहेब यांच्या मातोश्री कैलासवासी जाहल्या, आणि त्यांच्या अंगणातील भुईचाफ्याचा एक कांदा राणीसाहेबांनी पदरी बांधोन आणिला. दुसरे काही आणिले नाही. दरबारची रीत ऐसी की, महाराजांच्या सासुरवाडीहून जे येईल ते सदरेपुढे मानाच्या जागी बसवावे, आणि एकदा बसविले ते उठवू नये. मानाची जागा भर उन्हात आणि भुईचाफा जातीचा सावलीतला. मग पाने फुटली आणि करपो लागली. राणीसाहेब बोलिल्या, "याजवर छत्र धरावे." तेव्हां कारभारी दाजीपंत घाबरे जाहले आणि विनंती केली, "छत्र एका महाराजांचे. झुडपास दिले तर शेजारची राज्ये हसतील." मग महाराजांनी थोर बुद्धी चालविली आणि आपली गादीच उचलोन रोपाशेजारी मांडविली. छत्र महाराजांवर, सावली दोघांवर. दाजीपंतांस यात हरकत सापडेना, म्हणोन ते दोन दिवस रुसले.

कार्तिकी पाने पिवळी पडोन गळाली. महाराज फार कष्टी जाहले, आणि घागरी आणवोन स्वहस्ते पाणी घालो लागले. राणीसाहेबांनी हात धरिला. "पाणी घालाल तर कांदा कुजेल. तो मेला नाही, निजला आहे. आई त्यास हिवाळाभर कोरडाच ठेवीत असे."

"आणि न उठला तर?"

"तर माझे माहेर संपले."

महाराजांनी घागर खाली ठेविली. मग हिवाळाभर उघड्या मातीशेजारी दरबार भरला, आणि परराज्यांचे वकील आले ते छत्राखाली माती पाहोन, मुजरा कोणास करावा या विवंचनेत पडले. शहाणे होते त्यांनी दोघांस केला.

पुढे चैत्र लागला आणि पान नाही, दांडा नाही, थेट मातीतून पांढरे-जांभळे फूल वर आले. राणीसाहेब मातीशी बसल्या आणि दरबारादेखत रडल्या. छत्राखाली तिघांस जागा पुरेना. तेव्हां महाराज, ज्यांच्या मस्तकी जन्मात ऊन पडले नव्हते, उठोन उन्हात उभे राहिले. दाजीपंत धावले, "महाराज, छत्र?"

महाराज बोलिले, "असो द्या. त्यांच्या आईसाहेब आल्या आहेत."

येणेप्रमाणे भुईचाफा रुजला, महाराजांचे नाक सोलवटले, राज्य सुखरूप राहिले. सेवकाने पदरचे अक्षर घातले नाही. घातले असल्यास ते नाकापुरते.