गालिच्यावरचा ड्रमवाला

“विल्फ, हात खाली. टेबल जेवायला असतं.”

सात वर्षांचा असताना ऐकलेला आईचा हा आवाज विल्फ ऑग्डनच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा त्याच्या हातात दोन चमचे असत आणि ते बशीवर, किटलीवर, मिठाच्या भांड्यावर फेर धरून नाचत. चमचे काढून घेतले की बोटं नाचायची. बोटं धरली की टेबलाखाली पाय. ताल त्या पोराच्या अंगात शिरला होता आणि बाहेर पडायचं नाव घेत नव्हता.

आता चौसष्ट साल उजाडलं होतं आणि विल्फ इंग्लंडातल्या ओल्डहॅम या गिरणगावात ‘द स्पिंडल्स’ बँडमध्ये ड्रम वाजवत होता. लिव्हरपूलच्या पोरांनी देशाला वेड लावल्यापासून गिरणीच्या प्रत्येक चिमणीआड एकेक बँड उगवला होता. पोरी गाणाऱ्याच्या नावाने किंचाळत. पोरं मात्र मागे बसलेल्या ड्रमवाल्याचे हात बघत, आणि घरी जाऊन बिस्किटांचे डबे बडवून बडवून चेपवत.

मिसेस ऑग्डनना हे पटत नव्हतं. गिटार एक वेळ ठीक, तिला निदान तारा तरी असतात. ड्रम म्हणजे नुसतं बडवणं. गल्लीत कुणी विचारलं तर त्या सांगत, “आमचा विल्फ ना, हिशेबाच्या वर्गाला जातो.”

“शनिवारीसुद्धा?”

“अवघड असतात हो ते हिशेब.”

पण आता मायलेकांत करार झाला होता. या शनिवारी दुपारी लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस नाचघरात स्पिंडल्सना ऐकायला येणार होता. त्याने बँड घेतला तर ठीक. नाही घेतला तर सोमवारपासून विल्फ गॅस कंपनीच्या कचेरीत बसणार आणि त्याच्या ड्रमच्या टिपऱ्या कायमच्या माळ्यावर जाणार.

अडचण एकच होती. पायाने वाजवायचा मोठा ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकायचा. नाचघराचा मंच मेण लावून घासलेला, आरशासारखा. गेल्या शनिवारी गाणं रंगात आलं आणि ड्रम निघाला, तो थेट मंचावरून खाली, नगराध्यक्षांच्या बायकोच्या मांडीवर. खिळे ठोकायला नाचघराच्या मॅनेजरने बंदी केली होती.

“गालिचा आण,” बँडचा गायक डेनिस म्हणाला. “ड्रम गालिच्यावर, तूही गालिच्यावर. तुझ्या वजनाने सगळं जागच्या जागी. लंडनचे ड्रमवाले असंच करतात.”

“आमच्याकडे एकच आहे. पुढच्या खोलीतला.”

पुढची खोली म्हणजे काय, हे डेनिसलाही ठाऊक होतं. त्याच्याही घरात ती होती. ती उघडायची नाताळला, पाद्रीसाहेब आले तर, किंवा घरात कुणी गेलं तर. ऑग्डनांच्या पुढच्या खोलीत लाल गालिचा होता. आई दर शुक्रवारी त्यावर धूळ धरायला चहाची ओली पत्ती पसरून तो झाडायची. त्या गालिच्यावर विल्फ आजवर बूट घालून उभासुद्धा राहिला नव्हता.

“तुझी आई शनिवारी दुपारी कुठे असते?”

“केस सेट करायला. मग मावशीकडे.”

“मग झालं तर. ती यायच्या आत परत अंथरू.”

शनिवारी दोघांनी गालिचा गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि मागच्या गल्लीतून डेनिसच्या काकाच्या मासळीच्या गाडीत टाकला. गालिचा इतका मोठा, की दोघांचीही डोकी त्याखाली झाकली गेली. शेजारच्या मिसेस हॅलिवेलनी पडद्याआडून पाहिलं तेव्हा त्यांना दिसला तो फक्त चार पायांनी पळणारा एक गालिचा.

पुढचं विल्फला नंतर कळलं. मावशीला सर्दी झाली होती, म्हणून आई केस सेट करून तशीच घरी परतली. दारात पाद्रीबाई, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नी मिसेस पेम्बर्टन, उभ्या. चर्चच्या जत्रेविषयी बोलायला आलेल्या. पाद्रीबाई आल्या म्हणजे पुढची खोली उघडायलाच हवी. आईने ती उघडली, आणि आत उघड्या फळ्या. त्यावर गालिच्याखाली पसरलेली जुनी वर्तमानपत्रं.

“चोरी,” पाद्रीबाई म्हणाल्या.

आई त्या फळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “जाऊ द्या. जुनाच होता. चहा टाकते.”

“जाऊ कसा द्यायचा? आज तुमचा गालिचा, उद्या चर्चची घंटा.” एवढ्यात मिसेस हॅलिवेल चार पायांची आणि मासळीच्या गाडीची हकिकत घेऊन आल्या. आई नको नको म्हणत असताना पाद्रीबाईंनी कोपऱ्यावरच्या फोनवरून पोलिसांना बोलावलंसुद्धा.

इकडे नाचघरात गालिच्याने कमाल केली होती. ड्रम तसूभर हलेना. प्रत्येक ठोक्याला चहाच्या पत्तीची बारीक धूळ उडत होती, दिव्यांच्या झोतात सोन्यासारखी तरंगत होती. पहिल्या रांगेत लंडनचे मिस्टर फेल पायावर पाय टाकून बसले होते. त्यांचा वरचा पाय हलू लागला होता.

“काय वाटेल ते झालं तरी थांबू नकोस,” डेनिसने बजावलं होतं.

तेवढ्यात दारातून कॉन्स्टेबल क्रॉम्प्टन आत आले. बाहेर मासळीची गाडी, आत लाल गालिचा. त्यांना आणखी काय हवं होतं? ते नाचणाऱ्या पोरापोरींतून वाट काढत मंचाशी आले. “थांबवा,” ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. गालिच्याच्या झालरी मंचाच्या कडेवरून लोंबत होत्या. पुरावा हातचा जाऊ नये म्हणून कॉन्स्टेबलांनी दोन्ही मुठींत झालरी धरल्या आणि ओढल्या.

मेण लावलेला मंच. त्यावर गालिचा. गालिच्यावर ड्रम, झांजा, तिपाई आणि तिपाईवर विल्फ. सगळी मिरवणूक निघाली.

डेनिस बाजूला झाला. गिटारवाला दुसरीकडे झाला. विल्फचे हात मात्र थांबले नाहीत. कॉन्स्टेबल ओढत होते, विल्फ वाजवत होता, आणि जितकं ते जोरात ओढत तितका तो जोरात वाजवत होता. आजवर बँडमध्ये त्याने पाहिल्या होत्या त्या फक्त गाणाऱ्यांच्या पाठी, त्यांच्या कोटांच्या शिवणी. आज पहिल्यांदाच समोर माणसं आली. शेकडो चेहरे, उजळलेले, हसणारे, त्याच्या हातांकडे बघणारे. पोरी किंचाळल्या, आणि या वेळी डेनिससाठी नाही. चेहऱ्यांचं ते सगळं पीक जणू त्याच्याच टिपऱ्यांवर डुलत होतं.

आणि त्या पिकात एक नव्याने सेट केलेलं डोकं होतं. शेजारी पाद्रीबाईंची टोपी. कॉन्स्टेबलांच्या मागोमाग दोघी माल ओळखायला आल्या होत्या.

विल्फच्या टिपऱ्या हवेतच राहिल्या. मंचाच्या अगदी कडेला गालिचा थांबला. गाणंही थांबलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मिस्टर फेल उठून पुढे आले. “काय प्रवेश आहे. आणि हे ओढणारे गृहस्थ बँडमध्येच असतात, की वेगळे घ्यावे लागतात?”

“मी पोलीस आहे,” कॉन्स्टेबल धापा टाकत म्हणाले. “हा चोरीचा माल आहे.”

मिस्टर फेलांचं हसू मावळलं. “चोरीचा? मग माफ करा. पोरं चांगली आहेत, पण पोलिसांच्या भानगडीत आमची कंपनी पडत नाही.” त्यांनी टोपी घेतली.

“थांबा, मालकीणबाई इथेच आहेत,” पाद्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मिसेस ऑग्डनना पुढे केलं. “बघून सांगा हो. तुमचाच ना हा?”

विल्फने मान खाली घातली. आईला त्याने कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, ते हिशेबाच्या वर्गाचं सोडून. गालिचा आपला नाही म्हणाली, तर तो जप्त होऊन पोलीस चौकीत जाणार. आपला म्हणाली, तर चोर कोण ते सांगावं लागणार. तेही पाद्रीबाईंसमोर, अख्ख्या ओल्डहॅमसमोर.

आईने वाकून झालर सारखी केली. तिथल्या चहाच्या पत्तीचा एक कण चिमटीत उचलून रुमालात ठेवला.

“माझाच आहे,” ती म्हणाली. “पण चोरीला गेलेला नाही.”

“मग इथे कसा आला, बाई?” कॉन्स्टेबलांनी विचारलं.

“माझ्या पोराने आणला.”

“कुठे आहे तो?”

“त्यावर बसलाय की.” मिस्टर फेलांनी टोपी परत खुर्चीवर ठेवली.

पाद्रीबाईंनी वर पाहिलं. “अहो, पण तुमचा विल्फ तर हिशेबाच्या…”

“नाही जात,” आई म्हणाली. कानशिलं लाल झाली होती, पण मान ताठ होती. “एकदाही गेला नाही. तो ड्रम वाजवतो, मिसेस पेम्बर्टन. लहानपणापासून वाजवतो. आणि फार सुरेख वाजवतो. आता कुणीतरी त्याला मागे ढकला बघू, पोराचं गाणं अर्धं राहिलंय.”